टांगा, लेणे आणि लांडोर बंगला : खान्देशातील सहलीचा एक दुर्लक्षित इतिहास

दिवाळीच्या नाहीतर उन्हाळ्याच्या सुटीत मुंबई-पुण्याहून, सुरतेहून पाहुणे जळगाव-धुळ्याकडे येतात आणि घराघरांत तोच एक प्रश्न निघतो : यांना दाखवायचे काय? मग यादी सुरू होते. एरंडोलजवळचे पद्मालय, यावलकडची मनुदेवी, चोपड्याकडचे उनपदेव, फरकांड्याचे झुलते मिनार, तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव, चाळीसगावची पाटणादेवी, आसोद्याला बहिणाबाईंचे गाव, जळगावचे गांधीतीर्थ, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडून अजिंठा. धुळ्याच्या बाजूने लळिंग, सोनगीर, थाळनेर हे किल्ले, राजवाडे संशोधन मंडळाचे वस्तुसंग्रहालय. तोरणमाळही पूर्वी धुळे जिल्ह्यातच मोजले जाई. १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबारचे झाले. डबा बांधायचा, गाडी ठरवायची, सकाळी निघून दिवेलागणीला परत यायचे. यात इतिहास तो कोणता, असे कोणीही विचारील.

इतिहास आहे, आणि तो किल्ल्यांच्या बुरुजांपेक्षा या डब्यात आणि गाडीत अधिक आहे. सहल ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. तिच्यासाठी हाती सुटीचा दिवस लागतो. बसायला वाहन लागते. वाटेत प्यायला पाणी लागते. रात्र झालीच तर टेकायला जागा लागते. आणि पोहोचल्यावर दार उघडावे लागते. यांपैकी एकही गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांना सहज मिळत नव्हती. गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती १८९० मध्ये, आणि ती मिळवून दिली महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी. पण ती सुटी गिरणीच्या दारातून बाहेर पडून गावच्या येसकरापर्यंत कधी गेलीच नाही. त्याला ना रविवार, ना सण. सणाच्या दिवशी तर काम दुप्पट.

आपली माणसे हिंडत नव्हती असे मात्र नाही. आपल्याइतके कोण हिंडले असेल? सरकारी अंमलदार गावात आला की त्याला पुढच्या गावाची वाट दाखवायची, त्याचे ओझे वाहायचे, त्याच्या घोड्याला वैरण घालायची, सांगावा घेऊन उन्हातान्हात धावायचे, ही वतनाची कामे होती. खान्देशात सर्व्हे झाले, गॅझेटिअर लिहिले गेले, साहेबांचे तंबू डोंगरात पडले. त्या प्रत्येक तंबूच्या खुंट्या कोणाच्या तरी डोक्यावरून गेल्या. देश दाखवणारा महार होता, पाहणारा दुसरा होता. हे वतन कायद्याने संपवायला १९५८ साल उजाडावे लागले. सातपुड्यातल्या भिल्लाची कथा याहून निराळी नाही. चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटाला औट्रम घाट म्हणतात, तो ज्याने १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी केली त्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने. घाटातल्या वाटा ज्यांच्या तळपायांना ठाऊक होत्या त्यांचे नाव एकाही वळणाला नाही.

आता टांग्याकडे येऊ. कारण खान्देशातील प्रवासाचा खरा इतिहास चाळीसगाव स्टेशनच्या फलाटावर सुरू होतो.

मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद. १९२९ मध्ये खान्देशच्या दोन जिल्ह्यांचे काम त्यांच्याकडे आले. ते संपवून परतताना धुळे रस्त्यावरच्या एका खेड्यात सवर्णांनी अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी करावी म्हणून ते ऑक्टोबरमध्ये चाळीसगावला उतरले. तिथल्या आपल्या लोकांनी रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह धरला. बाबासाहेब धुळ्याच्या गाडीने त्या खेड्याला जाऊन आले. स्टेशनवर हार पडले. महारवाडा तिथून दोनेक मैल, मध्ये नदी आणि नदीवर कठडा नसलेली फरशी. स्टेशनबाहेर भाड्याचे टांगे पुष्कळ उभे. तरी तासभर कोणी हलेना. अखेर एक टांगा आला. दोनशे पावले गेला नाही तोच मोटारीवर आदळता आदळता वाचला. आणि फरशीवर वळताना घोडा उधळला, चाक दगडावर आपटले, घोडा-टांगा नदीत कोसळले आणि बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. पाय मोडला. बेशुद्धावस्थेत त्यांना महारवाड्यात उचलून नेले.

नंतर त्यांना कळले ते असे. अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. आपल्या माणसांना आपला पुढारी पायी न्यावा हे सहन होत नव्हते. मग तडजोड झाली : टांगा भाड्याने मिळेल, टांगेवाला मिळणार नाही. लगाम आपल्यातल्याच एकाने हाती घेतला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता.

बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहिला आहे. ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिका काढली आणि १९९३ मध्ये ते शासनाच्या बाराव्या खंडात आले. ही पाने पुष्कळांनी वाचली आहेत. पण चाळीसगावचा प्रसंग त्याच कथनातल्या पहिल्या प्रसंगाशेजारी ठेवून वाचला पाहिजे. १९०१ चा उन्हाळा. वडील कोरेगावला नोकरीवर. त्यांनी मुलांना सुटीत बोलावले. म्हणजे ही अगदी कौटुंबिक भेट. आपण आज ज्याला सुटीत गावी जाणे म्हणतो तीच. नवे सदरे, नव्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे घालून नऊ-दहा वर्षांचा भीमराव भावाभाच्यांसह मसूर स्टेशनवर उतरला. वडिलांना पत्र मिळाले नव्हते, न्यायला कोणी नाही. जात कळताच गाडीवाला मिळेना. अखेर दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्रभर पाणी मिळाले नाही.

१९०१ चा गाडीवाला आणि १९२९ चा टांगेवाला यांच्यात अठ्ठावीस वर्षे आहेत. मधल्या काळात त्या मुलाने कोलंबियाची पदवी घेतली, लंडनची घेतली, तो बॅरिस्टर झाला, विधिमंडळात बसला, महाडचे तळे त्याने खुले केले. गाडीवाल्याची अट मात्र शब्दशः तीच राहिली : पैसे दे, गाडी घे, माझा हात लागणार नाही. जातिव्यवस्था पैशाला विटाळ मानत नाही, हे दोन्ही प्रसंगांत स्वच्छ दिसते. सेवा विकत घेता येते, सेवकाचा आदर विकत घेता येत नाही. आणि सेवा नाकारण्यापेक्षा ती अर्धवट देणे अधिक जीवघेणे ठरते. टांगा मुळीच मिळाला नसता तर बाबासाहेब चालत गेले असते आणि पाय शाबूत राहिला असता.

यात आपल्या माणसांवरही बाबासाहेबांचा एक रोख आहे, तो आपण सोयीस्करपणे विसरतो. प्रवाशाच्या मानापेक्षा त्याचा जीव मोठा, हे त्या मंडळींच्या ध्यानात आले नाही असे ते नोंदवतात. रागाने नव्हे; पण नोंदवतात. मला मात्र त्या लगाम धरणाऱ्या माणसाचा विचार सोडवत नाही. त्याचे नाव कथनात नाही. महारवाड्यातल्या बायाबापड्यांचा आक्रोश ऐकत तो त्या रात्री कुठे बसला असेल?

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर १९२९ मध्ये हे घडायलाच नको होते. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला होता. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सार्वजनिक संस्थांनी चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या करा, असे तो सांगत होता. महाडचा सत्याग्रह याच ठरावाच्या आधारे झाला, म्हणून आपल्याला त्यातले पाणी आठवते. त्यातली धर्मशाळा आठवत नाही. वास्तविक प्रवाशाला दोन्ही लागतात. पुढे घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीच्या जागा, तळी, घाट, रस्ते यांचा एकेक करून उल्लेख आला, तो काही कायदेपंडितांची हौस म्हणून नव्हे. ज्याने मसूरची रात्र आणि चाळीसगावची फरशी पाहिली होती तो मसुदा समितीचा अध्यक्ष होता. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने त्याला शिक्षेची जोड दिली.

आपल्या चळवळीच्या इतिहासात एक खरीखुरी सहलही नोंदलेली आहे. १९३४ मध्ये बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांनी स्थळे पाहायला जायचे ठरवले आणि त्यांनी यावे अशी गळ घातली. बाबासाहेबांनी होकार दिला. काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी त्यात असलीच पाहिजेत असे ठरले. तीसेक जण नाशिकहून औरंगाबादकडे निघाले, निजामाच्या मुलखात, शक्यतो आपली ओळख न सांगता. दौलताबादच्या किल्ल्याबाहेरच्या हौदावर काहींनी धुळीने माखलेली तोंडे धुतली आणि पाणी बाटले म्हणून गहजब झाला. बाटवल्याचा आरोप करणारे मुसलमान होते. किल्ला पाहू दिला तो बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. आंब्याच्या झाडाखाली डबा सोडून बसणाऱ्या आजच्या पर्यटकाला किल्ल्याच्या माहितीफलकावर हे वाचायला मिळायला हवे.

आता अजिंठा. जळगावहून साठेक किलोमीटर. खान्देशातल्या कोणत्याही घरी पाहुणा आला की शेवटी गाडी तिकडेच वळते. फर्दापूरच्या फाट्याला आपले वाहन सोडून तिथल्या बसने लेण्यांपर्यंत जावे लागते, आणि सोमवारी लेणी बंद असतात, हे आधी ध्यानात ठेवलेले बरे. मार्गदर्शक पहिले वाक्य उच्चारतो ते जॉन स्मिथचे : २८ एप्रिल १८१९, वाघाची शिकार, आणि लेण्यांचा 'शोध'. दहाव्या लेण्यात स्मिथने एका खांबावर आपले नाव कोरून ठेवले तेही दाखवतो. पण लेण्यांलगतच्या खेड्याचे नाव लेणापूर आहे. ज्या गावाला लेण्यांवरून नाव पडते त्या गावाला लेणी माहीत नव्हती असे कसे म्हणता येईल? लेण्यांत गुरे बांधणाऱ्याने, पावसात आसरा घेणाऱ्याने पाहिले तर तो शोध नव्हे. टोपीवाल्याने पाहिले तर शोध. आपण आपल्या मुलांना हे वाक्य जसेच्या तसे घोकू देऊ नये.

रॉबर्ट गिलची गोष्टही पुरी सांगितली जात नाही. १८४४ पासून वर्षानुवर्षे त्याने भिंतीवरच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्याच्या सोबतीला इथलीच पारो नावाची स्त्री होती. १८५६ मध्ये ती वारली. तिची कबर अजिंठा गावात आहे. गिल १८७९ मध्ये भुसावळजवळ मेला आणि भुसावळलाच पुरला गेला. पारोवर सिनेमा निघतो, कादंबरी निघते, आणि तिच्या आयुष्याचे 'प्रेमकहाणी' एवढेच उरते. तिच्या समाजाच्या माणसांनी गिलला काय काय पुरवले, कोणती वाट, कोणते रंग, कोणते रक्षण, याकडे लक्ष कोण देणार?

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर अजिंठा आपल्यासाठी बदलला. तोवर ते पांडवांनी कोरलेले काहीतरी होते. धम्मदीक्षेनंतर सव्विसाव्या लेण्यातले महापरिनिर्वाण हे आपल्या घरातले दुःख झाले. भुसावळच्या रेल्वेत लागलेल्या आपल्या पहिल्या पिढीकडे पास होता. त्या पासावर म्हातारे आईवडील नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी पाहून आले. वतनाच्या बाहेर पडून स्वतःसाठी केलेले ते पहिले प्रवास. लोक त्यांना भाविक म्हणोत; मला त्यांत नागरिक दिसतो.

तरीही अजिंठ्याचा अभिमान डोळस असावा. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे दिले. ते राजसत्तेच्या पैशाने झाले. छिन्नी धरणाऱ्याचे नाव तिथे वाचायला मिळत नाही. म्हणूनच मी पाहुण्यांना अजिंठ्याआधी पितळखोऱ्याला घेऊन जा असे सांगतो.

चाळीसगावला येणारी मंडळी केकी मूस यांचे कलादालन पाहतात, पाटणादेवीला जातात, धबधब्याखाली भिजतात, भास्कराचार्यांचे नाव घेतात. नाव घ्यायला हरकत नाही. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तेराव्या शतकाच्या आरंभी पाटण्याला आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि त्याला निकुंभ घराण्याने दान दिले, असा शिलालेख आहे. त्या मठात शूद्रातिशूद्राचे पोर बसले असते का, हा प्रश्न मात्र पाटण्याला उभे राहून विचारायला हवा. आणि मग त्याच डोंगररांगेत, गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात, पितळखोऱ्याच्या दरीत उतरायला हवे. कन्नडच्या बाजूने रस्ता आहे; शेवटी पायऱ्या आहेत; म्हाताऱ्यांना जपून न्यावे.

ही लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झाली. पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी तांड्यांची वाट याच घाटातून. विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, दारावर भालदार यक्ष आहेत. इथले दाते कोण? पैठणचा सुगंधी द्रव्ये विकणारा मित्रदेव. राजवैद्य मगिल आणि त्याची मुले. राजे नव्हेत, धंदेवाईक माणसे. आणि इथे सापडलेला एक बुटका, डोक्यावर परडी घेतलेला, खदखदून हसणारा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरले आहे की तो कान्हदास नावाच्या सोनाराने घडवला. दोन हजार वर्षांपूर्वी एका कारागिराने आपले नाव आपल्या कामावर लिहिले आणि कोणी ते खरवडून काढले नाही! ज्या समाजाने पुढे हाताने काम करणाऱ्याला हीन ठरवले त्या समाजाच्या आधी इथे निराळे काही नांदत होते, याचा हा पुरावा हाताने चाचपता येण्याजोगा आहे. सगळे बौद्धयुग समतेचे नंदनवन होते असे मी म्हणणार नाही. दान देणारे सुस्थितीतलेच होते. पण नावाची ही ओळ मुलांना दाखवावी. मूळ यक्ष दिल्लीत असला तरी तो जिथे हसत होता ती जागा इथे आहे.

आणि शेवटी लळिंग. धुळ्याच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला हा किल्ला उभा आहे. फारुकी सुलतानांच्या काळातला. ट्रेकला जाणारी मुले किल्ला चढतात, पाण्याची टाकी पाहतात, उतरतात. त्याच लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याच्या कोर्टात आले तेव्हा त्यांचा मुक्काम या बंगल्यात झाला. साल लक्षात घ्या. येवल्याची धर्मांतराची घोषणा होऊन दोन वर्षे होत आली होती. स्वतंत्र मजूर पक्ष त्याच वर्षी निवडून विधिमंडळात गेला होता. एवढा मोठा पुढारी, आणि तो आला होता वकील म्हणून, हातात ब्रीफ घेऊन. आठ वर्षांपूर्वी चाळीसगावला ज्याला टांगेवाला मिळाला नाही, तो आता साहेबांसाठी बांधलेल्या बंगल्यात उतरला.

तेव्हापासून ३१ जुलै हा धुळ्याच्या आंबेडकरी माणसाचा दिवस आहे. दरवर्षी त्या दिवशी लांडोर बंगल्यावर यात्रा भरते. खेड्यापाड्यांतून बायका लेकरांना कडेवर घेऊन येतात, पांढरी लुगडी, निळे झेंडे, भीमगीते, पुस्तकांची दुकाने, आणि भर पावसाळा. फडक्यात कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत. देव नाही, नवस नाही, पुजारी नाही. एक माणूस इथे राहिला होता एवढेच निमित्त. जगात लोक माणसाच्या जन्माच्या जागी जातात, मरणाच्या जागी जातात. मुक्कामाच्या जागी एवढा जनसमुदाय जमतो तो का? कारण ज्यांना हजारो वर्षे कोणी मुक्काम करू दिला नाही त्यांनाच मुक्कामाची किंमत कळते. सवर्ण विद्वानांना ही 'व्यक्तिपूजा' वाटते. त्यांनी आपल्या आजोबांना धर्मशाळेच्या ओसरीवरून कधी उठवले होते का ते आठवून पाहावे आणि मग बोलावे.

त्याबरोबर आपल्याही मंडळींना दोन शब्द. लाऊडस्पीकरचा गोंगाट आणि पुढाऱ्यांच्या फलकांची भिंत यांत तो बंगलाच दिसेनासा होतो. बाबासाहेब तिथे आले ते कागद वाचून, तयारी करून, दुसऱ्याचा खटला लढायला. त्या दिवसाची आठवण म्हणून गोरगरिबांना कज्जाकोर्टाचा मोफत सल्ला देणारे चार वकील तिथे ३१ जुलैला टेबल मांडून बसले तर मिरवणुकीपेक्षा ते अधिक शोभेल. धुळ्यात वकील काही कमी नाहीत.

सहकुटुंब जाणाऱ्यांनी मात्र एकदा यात्रेचा दिवस सोडूनही जावे. पाऊस उघडल्यावर, भाद्रपदात, कुरण हिरवे असताना. सकाळी किल्ला करावा, मग बंगल्यापाशी डबा सोडावा. पाहुण्यांच्या पोरांना १९०१ ची बैलगाडी आणि १९२९ चा टांगा या दोन्ही गोष्टी तिथे बसून सांगाव्यात, भीतीदायक करून नव्हे, जशा घडल्या तशा. वेळ उरला तर तिथून चाळीसगाव फार लांब नाही. नदीवरच्या पुलाजवळ गाडी थांबवून खाली उतरावे आणि स्टेशन कोणत्या बाजूला, महारवाडा कोणत्या बाजूला, हे त्या गावच्या एखाद्या जुन्या माणसाला विचारावे. तो सांगतो. लगाम कोणाच्या हाती होते तेही विचारून घ्यावे, आणि नाव मिळाले तर लिहून ठेवावे.